मिस्त्रीचं नाव काय?

स्वागताध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर, अभियंते, वास्तुविशारद, कंत्राटदार, गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस आणि खजिनदार, आणि मागच्या रांगांत बसलेली मिस्त्री मंडळी, सर्वांना नमस्कार.

मागच्या रांगांचा उल्लेख मुद्दाम केला. पुढे खुर्च्या मोकळ्या असताना गवंडी, सुतार, प्लंबर मागे जाऊन बसले आहेत. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, हीच तर अडचण आहे.

‘घर पाहावं बांधून’ ही म्हण स्वागताध्यक्षांनी सांगून झाली, उद्घाटकांनीही सांगितली, त्यामुळे माझी सुटका झाली. तशीही ती म्हण नव्या घराची. नवं घर बांधताना मालक दुसरीकडे राहत असतो. दुरुस्ती निघते तेव्हा तो त्याच घरात असतो. फ्रीजवर प्लास्टिक, गॅसच्या ओट्यावर सिमेंटची धूळ, मुलीची दहावी त्याच वर्षी, आणि ‘तासाभरात येतो’ म्हणून गेलेल्या प्लंबरचा फोन बंद. अशा वेळी माणूस आपल्याला गाठतो आणि विचारतो, “भरवशाचा कुणी असेल तर सांगा हो.” आपल्यापैकी प्रत्येकाला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही विचारला गेलेला आहे.

मला या प्रश्नाची मांडणीच पटत नाही. भरवशाची माणसं कुठंतरी दडून बसली आहेत आणि फक्त त्यांचा पत्ता हवा आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. माझा अनुभव उलटा आहे. तोच गवंडी एका घरी चोख काम करतो आणि दुसऱ्या घरी उरकून टाकतो. पहिल्या घरी त्याला परत जायचं असतं, दुसऱ्या घरी जायचं नसतं.

कोकणातली शाकारणी आठवा. मे महिन्यात घरावर चढून कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रीपा तपासायच्या, पुन्हा कौलं लावायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात कामाचा निकाल घरातल्या सगळ्यांच्या डोक्यावर पडतो. आणि पुढच्या मे महिन्यात त्याच माणसाला त्याच छपरावर चढायचं असतं. त्याला सचोटीवर व्याख्यान देण्याची गरज नव्हती. देशावरचा बलुतेदार सुतारही तसाच. खळ्यावर धान्य घ्यायला वर्षातून एकदा दारात यायचं, तर दार नीट बसवलेलं बरं. ही व्यवस्था परत यावी असं मात्र कुणी म्हणू नये. त्या भरवशाची किंमत सुतारानं आणि त्याच्या मुलांनी जातीला बांधून घेऊन मोजली होती. घ्यायचं असेल तर त्यातलं एवढंच घ्यावं : काम कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि करणारा पुन्हा भेटणार होता.

आज शहरात या दोन्ही गोष्टी नाहीत. सकाळी मजूर नाक्यावर जाऊन पाहा. थापी, ओळंबा, छिन्नी-हातोडा पिशवीत घालून माणसं उभी असतात आणि उन्हं चढली की ज्यांना काम मिळालं नाही ती घरी परततात. त्यातल्या एकाला मुकादम नेतो, मुकादमाला ठेकेदारानं सांगितलेलं असतं आणि ठेकेदाराला तुम्ही. तुमच्या भिंतीला प्रत्यक्ष हात लावणारा माणूस तुमच्यापासून तीन माणसं लांब असतो. आठवडाभर तो तुमच्या घरी चहा पितो आणि तुम्ही त्याला ‘मिस्त्री’ म्हणता. जुलैत भिंत ओली झाली की तो कुठल्या जिल्ह्यात आहे हे ठेकेदारालाही सांगता येत नाही.

‘बाहेरची माणसं आली म्हणून काम बिघडलं’ असं मी बऱ्याच सभांत ऐकतो. मला ते मान्य नाही. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातले प्लंबर देशभर काम करतात, मुंबई-पुण्यातही. तिथल्या पट्टामुंडईत प्लंबिंगचं शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. पण ही माणसं शहरोशहरी टिकली ती केवळ प्रमाणपत्रावर नव्हे. नवा मुलगा येतो तो गावातल्या कुणाच्या तरी शब्दावर, आणि त्यानं घोटाळा केला तर ज्यानं त्याला आणलं त्याची मान खाली जाते. म्हणजे शाकारणीचाच न्याय, फक्त हजारो किलोमीटर लांब. त्यामुळे कामगार कुठून आला यावर फार काही ठरत नाही. त्याच्या मागे कुणी उभं आहे का, आणि काम बिघडलं तर ते कुणाच्या नावावर लागणार, हे विचारावं.

आता मोरीकडे वळू. आपल्या धंद्यात सर्वांत जास्त शिव्या मोरीच्या कामानं मिळवून दिल्या आहेत. जुनी फरशी फोडली की खाली खड्डा निघतो. त्यात पाइप, नहाणी ट्रॅप, वर वॉटरप्रूफिंग, ब्रिकबॅट कोबा, ढाळ, आणि मग टाइल. घरमालक टाइल निवडायला चार रविवार घालवतो. टाइलच्या खाली काय जाणार, हे तो एका वाक्यातही विचारत नाही. खरं काम तर तिथंच आहे. पाइपांवर दाब देऊन सांधे तपासले का? वॉटरप्रूफिंगच्या थरावर दोन दिवस पाणी भरून ठेवलं का, आणि त्या दोन दिवसांत खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहिलं का? कोपऱ्यात भिंत आणि फरशी मिळतात तिथं थर वर चढवून गोलाई दिली का? ही सगळी कामं झाकली जातात. चांगल्या कारागिराचं कसब नेमकं झाकल्या भागात असतं, म्हणून सामान्य गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. मग तो काय पाहतो? बोलणं आणि दर. दोन दिवस पाणी भरून ठेवणाऱ्याचा दर दोन दिवसांच्या मजुरीएवढा जास्त असतो, तो मागे पडतो. असं पाच-सहा वेळा झालं की तोही पाणी भरायचं सोडून देतो. आपण चांगली माणसं शोधत फिरतो आणि दर मागताना त्यांनाच आधी गाळतो.

हेच काँक्रीट-प्लास्टरवर पाणी मारण्याचं. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी लागतं, मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-तापलेली असेल तर किमान १०. छोट्या दुरुस्तीत गवंडी दुसऱ्या दिवशी पुढच्या कामावर गेलेला असतो. पाणी कुणी मारायचं? ठरलेलंच नसतं. भेगा पडल्यावर मालक म्हणतो सिमेंट कमी घातलं, गवंडी म्हणतो पाणी मारलं नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतोच असं नाही.

अविश्वासाचा एक मोठा भाग मोजमापातून येतो, आणि त्याबद्दल या सभागृहातल्या अभियंत्यांनी थोडी लाज बाळगावी. प्लास्टर ब्रासवर ठरतं, शंभर चौरस फुटांचा एक ब्रास. मग दरवाजा-खिडकीची वजावट करायची की नाही यावरून शेवटच्या दिवशी भांडण. मालकाला वाटतं, जिथं भिंतच नाही तिथले पैसे हा घेतो. याचा नियम कधीचाच ठरलेला आहे. आयएस १२०० मध्ये अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागाची वजावट नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बाजूंचं प्लास्टर सारखं असेल तर वजावट एकाच बाजूची, कारण चौकटीभोवतीच्या कडा करायला मजुरी लागतेच. साधा तीन बाय सातचा दरवाजा २१ चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे दोन चौरस मीटर, या मधल्या गटात बसतो. हे काम सुरू होण्याआधी सांगितलं तर नियम ठरतो. बिलाच्या दिवशी सांगितलं तर लबाडी वाटते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामाला मोजमाप पुस्तक असतं, दरसूची असते, अनामत असते, दोषदायित्वाचा कालावधी असतो. त्या खात्याची कामं कशी होतात यावर मी आज बोलणार नाही, वेळ कमी आहे. पण कागद तरी असतो. तुमच्या आमच्या स्वयंपाकघराच्या लाखोंच्या कामाला वहीच्या पाठच्या पानावर आकडे लिहिलेले असतात.

पैशाची दुसरी बाजू ठेकेदार मित्रांना ठाऊक आहे, घरमालकांना नाही. निम्मी रक्कम आगाऊ घेऊन माणूस गायब होतो, तेव्हा तो नेहमी पळालेला नसतो. तुमची उचल त्यानं आधीच्या साइटवरच्या मजुरांना वाटलेली असते, कारण आधीच्या मालकानं शेवटचा हप्ता दिलेला नसतो. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून शेवटचे पंधरा-वीस हजार बुडवणारी माणसं एरवी सज्जन असतात, सोसायटीच्या गणपतीला वर्गणी वेळेवर देतात. मिस्त्री लोकांच्या चहाच्या टपरीवर भरवशाच्या घरमालकांचीही यादी असते. ती आपल्याला कुणी दाखवत नाही.

कायदा आहे का? नव्या इमारतीला आहे. रेराच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर विकासकानं तो ३० दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करायचा. दुरुस्तीच्या कामाला असं नेमकं संरक्षण नाही, पण पैसे देऊन घेतलेली सेवा म्हणून ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. जिल्हा आयोगाकडे २ वर्षांत तक्रार करता येते, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. फक्त तिथं कागद लागतो, आणि घोडं तिथंच पेंड खातं.

कारागिराच्या बाजूनं कायदा पाहिला तर चित्र आणखी विरळ. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखाली कल्याणकारी मंडळाकडे नोंद करायची तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागायचं. त्याच कायद्यात स्वतःच्या राहत्या घराचं १० लाखांपर्यंतचं काम ‘आस्थापना’ धरलेलं नव्हतं. टॉवरच्या साइटवर हजेरी लागते. वर्षभर घरोघरच्या मोऱ्या आणि गच्च्या नीट करणाऱ्याची हजेरी कोण लावणार? ज्याच्याकडून आपण ओळखपत्र मागतो, त्याला ओळख मिळण्याची वाट आपणच अरुंद ठेवली आहे.

आणि एक गोष्ट, जी दरापेक्षा आणि मापापेक्षा मोठी आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर अंतर्गत फेरफाराचं काम चालू होतं आणि त्यात आधाराच्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. अशा प्रत्येक कामात हातोडा कुणातरी मजुराच्या हातात असतो. ‘साहेब, इथं छिन्नी लावणार नाही, आधी इंजिनिअरला दाखवा’ असं म्हणणारा मिस्त्री माझ्या लेखी सर्वांत भरवशाचा. तसं म्हणणारे आहेत, मी त्यांच्याबरोबर काम केलं आहे. पण त्याला दुसऱ्या दिवशी काम राहत नाही. मालक नाक्यावरून दुसरा आणतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी संरचनात्मक परीक्षण व्हायला हवं. चिटणीस मंडळी मान डोलावत आहेत, म्हणजे काहींनी केलं असेल. तो अहवाल कपाटात असतो. भिंत फोडायला आलेल्या माणसाला तो कधी दाखवला जातो का? त्यातलं निदान एक पान, कुठल्या खांब-तुळयांना हात लावायचा नाही एवढं सांगणारं, मराठीत आणि हिंदीत जिन्यापाशी लावता येईल. मग नाही म्हणणारा मिस्त्री एकटा पडणार नाही.

विजेच्या कामाचं थोडक्यात सांगतो. तिथं परवाना आहे, नव्या जोडणीला परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवालही लागतो. रोग एवढाच, की बऱ्याच ठिकाणी सही एकाची आणि काम दुसऱ्याचं. गीझरला चार चौरस मिलिमीटरची तार ओढली की अडीचची, हे सही करणाऱ्यानं पाहिलेलं नसतं.

तेव्हा ‘भरवशाचा माणूस सांगा’ म्हणणाऱ्यांना मी काय सांगतो? मागच्या आठवड्यात झालेलं काम पाहायला जाऊ नका, ते सगळ्यांचंच छान दिसतं. दोन पावसाळे खाल्लेलं काम दाखव म्हणा. आणि त्या घरच्या बाईंना ‘काम कसं केलं’ असं विचारू नका, विचारा, ‘चूक निघाली तेव्हा परत आला का?’ चूक प्रत्येकाच्या कामात निघते. परत येणारे थोडे. तो परत आला असेल तर दरात घासाघीस करू नका, आणि पुढच्या वर्षी लहानसं काम निघालं तरी त्यालाच बोलवा. दर वेळी नवा माणूस आणणाऱ्याला जुना, जाणता माणूस कुठून मिळणार?

संस्थांसाठी मी एक मसुदा आणला आहे. कागद एकच. काय काम, कुणी केलं, म्हणजे ठेकेदाराचं नाव आणि त्याखाली प्रत्यक्ष काम करणाऱ्या गवंड्याचं, प्लंबरचं, वायरमनचंही नाव. माप कुठल्या नियमानं. पाणी कुणी मारायचं. झाकण्याआधी काढलेला पाइपांचा आणि वॉटरप्रूफिंगचा फोटो. रकमेतले पाच टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर, आणि ते कुठल्या तारखेला द्यायचे तेही लिहून, म्हणजे मालकही बांधलेला. हा कागद सदनिकेच्या फाइलला लागेल, त्याची एक प्रत कारागिराला मिळेल. त्याच्यापाशी असे वीस कागद जमले तर तेच त्याचं शिफारसपत्र, आणि कल्याणकारी मंडळापुढे किंवा बँकेपुढे दाखवायला काहीतरी हातात राहील.

या मसुद्याला विरोध होणार आहे. नाव लिहिलं तर गिऱ्हाईक थेट माणसाला गाठेल आणि आमचा धंदा जाईल, असं काही ठेकेदारांनी मला कालच सांगितलं. त्यांची भीती खोटी नाही. पण जो ठेकेदार माणूस लपवूनच टिकतो, त्याच्या धंद्याची काळजी या अधिवेशनानं वाहावी असं मला वाटत नाही. जो मापं, माल, वेळ सांभाळतो त्याला गिऱ्हाईक सोडत नाही. मसुद्याच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा आहे, आणि त्या चर्चेत पहिलं बोलणं मिस्त्री मंडळींचं असेल, असं मी अध्यक्ष म्हणून ठरवलं आहे. ज्यांना लिहिणं अवघड जातं त्यांनी दुरुस्ती तोंडी सांगावी, कार्यवाह लिहून घेतील, आणि सांगणाऱ्याच्या पूर्ण नावासह इतिवृत्तात घेतील.