गाडी कंपनीला लावताना



सुरतेहून नागपूर, भंडारा, रायपूर असा थेट पारादीप बंदरापर्यंत जाणारा हमरस्ता आपल्या कारध्याजवळून जातो. पूर्वी त्याचा नंबर 6 होता, आता 53 आहे. या सडकेवर रात्रंदिवस ट्रक चालतात. पुष्कळ ट्रकांवर एखाद्या कंपनीचे नाव रंगवलेले असते. पण नाव कंपनीचे असले म्हणून गाडी कंपनीचीच असते असे नाही. गाडी खेड्यातल्या एखाद्या भावाची असते. कर्जाचा हप्ता तो भरतो. टायर तो बदलतो. पुष्कळदा चालवतोही तोच. कंपनी त्याला माल देते आणि भाडे देते. याला कोणी गाडी लावणे म्हणतात, कोणी अटॅच करणे म्हणतात.

गाडी लावणारा हा माणूस कोण? नोकर म्हणावे तर त्याला पगार नाही. मालक म्हणावे तर भाडे ठरवणे त्याच्या हाती नाही. आजचे आमचे बोलणे या माणसाविषयी आहे.

आधी एक हिशेब करून पाहू. पाटी-पेन्सिल घ्या, तोंडी नको. समजा, आपल्या एका भावाने रायपूरची खेप 20,000 रुपयांत घेतली. कंपनीने 12,000 रुपये आगाऊ दिले. राहिलेले 8,000 पोच पावती आणून दिल्यावर मिळायचे. आता खर्च मांडा. जाता-येता डिझेल 9,000. टोल 2,500. ड्रायव्हर, क्लीनर आणि जेवणखाण 2,000. झाले किती? 13,500. म्हणजे आगाऊ रक्कम सगळी गेली, वर पदरचे 1,500 गेले. परतीचा माल मिळाला तर बरे, नाही तर गाडी रिकामी येते आणि तरीही डिझेल पिते.

मग कमाई कुठे आहे? ती त्या बाकी 8,000 मध्ये आहे. पदरचे 1,500 वजा केले की 6,500 उरतात. त्यातून हप्ता, विमा, टायर आणि घर. आगाऊ रक्कम हातात पडली की माणसाला कमाई झाल्यासारखे वाटते. ती कमाई नव्हे, तो रस्त्याचा खर्च आहे. कमाई अजून कंपनीच्या कपाटात आहे. कंपनीने ती दोन महिने अडकवली, तर इकडे हप्ता थांबत नाही. कर्ज देणारा गाडी ओढून नेतो. बाईच्या अंगावरचे दागिने गहाण टाकून घेतलेली गाडी अशी गेली, की ते घर लवकर सावरत नाही.

म्हणून बाकी कधी मिळणार हे खेप घेण्याआधी कागदावर हवे. येथे एक कायदा कामाला येतो. 2006 साली लहान उद्योगांसाठी कायदा झाला. एका गाडीचा मालकही त्यात लहान उद्योग म्हणून नाव नोंदवू शकतो. या नोंदणीला 'उद्यम' म्हणतात आणि ती फुकट होते. नोंदणी झालेल्याचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर जबर व्याज लागते. मात्र नोंदणी आधी केलेली हवी. भांडण झाल्यावर धावत जाऊन उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट बिल्टीची. बिल्टी फाडतो तो मालाला जबाबदार. 2007 साली रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा कायदा झाला आणि 1 मार्च 2011 पासून तो लागू आहे. त्याआधी 1865 सालचा, इंग्रजांच्या वेळचा कायदा चालू होता. नव्या कायद्याप्रमाणे सर्वांचा माल नेण्याचा धंदा करणाऱ्याला नोंदणीचा दाखला घ्यावा लागतो. त्यात ट्रान्सपोर्ट कंपनी आली, ठेकेदार आला आणि दलालही आला. आपण ज्याला गाडी लावतो त्याला हा दाखला दाखवा म्हणावे. विचारायला लाजू नये. तो आपले लायसन्स बघतोच की नाही?

माल हरवला तर मालधनी बिल्टी फाडणाऱ्या कंपनीला धरतो. हे झाले कायद्यातले. व्यवहारात कंपनी ती तूट गाडीवाल्याच्या भाड्यातून कापते. किती कापायची, कोणत्या भावाने, आणि पोती मोजून दिली होती की नाही, हे सारे करारात असते. करार बहुधा इंग्रजीत असतो. "इथे सही करा," असे म्हटले की आपला भाऊ सही करतो. कधी कधी तर कागद कोराच असतो. कोऱ्या कागदावर सही म्हणजे आपली तिजोरी उघडून देऊन पाठ फिरवणे.

आता पोच पावतीकडे या. या छोट्या कागदावर आम्हाला जास्त बोलायचे आहे. माल उतरला की घेणारा त्यावर शेरा लिहितो. "माल पूर्ण मिळाला" असे लिहिले तर बाकी मोकळी. "4 पोती ओली" किंवा "2 नग कमी" असे लिहिले तर कात्री लागली. ज्याला वाचता येत नाही, तो शिक्का बघतो आणि कागद घडी करून खिशात ठेवतो. आठ दिवसांनी हिशेबाला बसल्यावर त्याला कळते. तेव्हा बोलून काय उपयोग? गोदामातच वाचले तर तिथेच सांगता येते, "साहेब, ताडपत्री शाबूत आहे. पोती भरतानाच ओली होती." पण भरताना ओली होती हे भरतानाच बिल्टीवर लिहून घेतले पाहिजे. गाडी गोदामात केव्हा पोचली आणि केव्हा रिकामी झाली, ती वेळही लिहून घ्या. तीन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे खोळंब्याचे भाडे मागायला तोच पुरावा लागतो.

जास्त वजनाचेही तसेच. "दोन टन जास्त टाक, सगळेच टाकतात," असे सांगणारा गोड बोलतो. 2018 पासून दोन आसांच्या ट्रकला गाडीसकट 18.5 टनांची मुभा आहे. त्यापुढे गेले की 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे 20,000 रुपये दंड, आणि वर दर टनामागे 2,000. जास्त वजनाची गाडी हाकणारा दोषी आहे, तशी हाकायला लावणारा आणि हाकू देणारा हेही दोषी आहेत. पण नाक्यावर सापडते कोण? गाडी. गाडी कोणाची? आपली.

अपघातातही असेच होते. गाडीवर रंगवलेले नाव न्यायाधिकरण बघत नाही. आर.सी. बुकात कोणाचे नाव आहे ते बघते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली एका निकालात सांगितले, की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. त्या प्रकरणात गाडी पुढे एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला विकली होती. नाव मात्र पहिल्याचेच राहिले होते. भरपाई त्याच्यावर आली. विमा चालू असावा आणि ड्रायव्हरचे लायसन्स खरे असावे. लायसन्स खोटे निघाले तर विमा कंपनी जखमीला पैसे देते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायला येते.

सगळ्याच कंपन्या वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. बारमाही माल देणाऱ्या आणि वेळेवर पैसे देणाऱ्या कंपन्याही आहेत. कंपनी नसती तर एका गाडीवाल्याने रोज माल शोधायचा कुठे? शिवाय तिलाही पुढच्या कारखान्याकडून पैसे उशिरा मिळतात. पण तिचा उशीर तिने पेलावा. तो सगळ्यांत लहान माणसाच्या डोक्यावर का द्यावा?

आणखी एक, विसरण्याआधी सांगतो. भाड्यातून आयकर कापला म्हणून काही जण तक्रार करतात. दहा किंवा कमी मालगाड्या असलेल्या मालकाने पॅन नंबर देऊन तसे लिहून दिले, तर तो कर कापायचा नसतो. हा कागद एकदा देऊन ठेवावा. आणि टोल आपल्या फास्टॅगच्या खात्यातून गुपचूप जातो, म्हणून भाडे टोलसकट की टोलशिवाय हे आधी विचारावे.

ज्यांची गाडी कंपनीला लावलेली आहे, त्यांनी करार, एक जुनी बिल्टी आणि एक पोच पावती घेऊन पुढच्या वर्गाला यावे. घरच्या बाईलाही बरोबर आणावे, कारण हप्त्याची तारीख पुष्कळदा तिच्याच ध्यानात असते. पहिल्यांदा पोच पावतीचा शेरा वाचू. करार लांब आहे, त्याला दोन-तीन बैठका लागतील.