अंबानगरीत आपलं स्वागत

राज्यभरातल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांतून आलेल्या पाहुण्यांनो,

१८९७ साली याच अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. तेही वकील, मीही वकील. साम्य तिथेच संपतं!

हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव घेतलं नाही, तर मला गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी आखाडा काढला. हुतात्मा राजगुरूंनी काही काळ इथे तालीम केली. १९३६ साली मंडळाचा संघ थेट बर्लिन ऑलिंपिकला गेला आणि आपली हुतूतू तिथे दाखवून आला. या परिषदेत आखाडा कशाला, असं संयोजक मघापासून डोळ्यांनी विचारताहेत. सांगतो. खरा वस्ताद पोराला जोर-बैठका काढायला लावतो, पण मुका मार लागला की चार दिवस मातीत उतरू देत नाही.

तुमचा मार मुकाच. कोर्टात आम्ही ‘सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) आला का?’ एवढंच विचारतो. मिठाच्या द्रावणातल्या व्हिसेऱ्याची बरणी उघडणारा माणूस आम्हाला कधी दिसत नाही. वऱ्हाडात त्या बरणीत पुष्कळदा कीटकनाशकच निघतं. वरच्या चिठ्ठीवर नाव, वय, गाव. आणि गाव कधी आपल्याच तालुक्यातलं. १ जुलै २०२३ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस जळाली. २५ माणसं गेली, देह ओळखू येईनात. अशा वेळी ओळख पटवायचं कामही तुमच्याकडेच येतं. असं काम करणाऱ्याला घरी घास उतरत नसेल, झोप येत नसेल, तर तो काही मनाचा कच्चा नव्हे. अशा कामाला आलटूनपालटून माणसं लावावीत, हक्काची रजा आणि समुपदेशक द्यावा, ही सरकारकडे आमची मागणी आहे.

आता आमच्या व्यवस्थेतल्या उणिवा. बडनेरा स्टेशनवर पहाटे उतरलेल्यांना गाडीची वाट बघावी लागली. मागचे दोन कूलर नुसताच आवाज करतात. अकोलेकर उन्हाला सरावलेले आहेत, इतरांनी सांभाळून घ्यावं. जिनिंगवाल्या मित्रांनी जेवण, अडत्यांनी मंडप, डॉक्टर मंडळींनी निवासाचा भार उचलला. महिला मंडळाच्या ताई तर कालपासून स्वयंपाकघरातच आहेत. कुणाचं नाव राहिलं असेल, तर राग मानू नये.

उद्या नाश्त्याला गिलावडा, म्हणजे आमचा दह्यातला वडा, आहे. निवांत खा, चर्चासत्र दहा मिनिटं उशिरा सुरू करू.