दहा शाळांमागे एक माणूस

(कुंभार पिंपळगाव येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दहावीची परीक्षा झाली की घनसावंगी तालुक्यातल्या घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? 2025 सालापासून या प्रश्नाला नवी धार आली. पूर्वी मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरता असलेला अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश त्या वर्षी राज्यभर लागू झाला. अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम भरायचे. शाखा कोणती, कॉलेज कोणते, आधी काय लिहायचे आणि मागे काय ठेवायचे, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ठरवायचे. तो कुणाला विचारतो? जो अर्ज भरून देतो त्याला, म्हणजे चौकातल्या नेट कॅफेवाल्याला. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्यामागे रांग उभी असते. पण एका मुलाच्या आयुष्याचा निर्णय असा घाईत व्हावा, ही आपल्या शिक्षणव्यवस्थेला शोभणारी गोष्ट नाही.

ज्याचे हे काम आहे, तो माणूस शाळेत नाही. त्याला समुपदेशक म्हणतात. तो का नाही आणि पैसे कापले जातात तेव्हा सगळ्यात आधी त्याच्यावरच कात्री का चालते, याबद्दल मला आज बोलायचे आहे.

ही कल्पना नवी नाही. व्यवसाय मार्गदर्शनाची सरकारी संस्था 1950 च्या दशकातच मुंबईत काम करत होती. 1964 ते 1966 या काळात बसलेल्या कोठारी आयोगाने तर अगदी व्यवहारी तोडगा सांगितला. प्रत्येक माध्यमिक शाळेला स्वतंत्र समुपदेशक देणे देशाला परवडणार नाही, हे आयोगाला कळत होते. म्हणून त्याने दहा शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक सुचवला. जेवढे झेपेल तेवढेच मागितले होते. तेवढेही साठ वर्षांत आपल्या पदरी पडले नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची काढून पाहा. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक आहेत, समुपदेशक नाही. नववी-दहावी तर त्या कायद्याच्या बाहेरच राहिली.

मध्यंतरी एक चांगला प्रयत्न झाला. 2016 पासून राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी होऊ लागली. कृषी, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, ललित कला, गणवेशधारी सेवा यांसारख्या सात क्षेत्रांपैकी मुलाचा कल कुठे आहे, ते कागदावर मिळे. कोरोनाच्या काळात ती मागे पडली. पण चालू होती तेव्हाही तिच्यात एक उणीव होती. कागद हातात पडे, तो समजावून सांगणारा माणूस मात्र समोर नसे. आपल्याकडच्या मुलाचा कल कृषीकडे निघाला, तर बाप म्हणणार, ‘शेतीच करायची तर शिकायचं कशाला?’ त्या बापाशेजारी बसून बोलणारा कुणीतरी लागतो. त्याने सांगायला हवे की दादा, 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी आपल्याच जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभी केली आणि जालना बियाण्यांचे शहर म्हणून देशाला माहीत झाले. बीजशास्त्र शिकलेल्या मुलाला तिथे प्रयोगशाळेत काम मिळू शकते. खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, जालन्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्रही जालन्यातच आहे. हे सगळे आपल्याच जिल्ह्यात असताना मुलाला दोनच वाटा माहीत असतात : लातूरची शिकवणी, नाही तर पोलीस भरतीचे मैदान.

आता पैशाकडे येतो. शिक्षणावरचा बहुतेक खर्च पगाराचा असतो. पगार मंजूर पदांवर निघतात, त्यांना सहज हात लावता येत नाही. कपात करायची तर उरतात त्या योजना. समुपदेशन कायम योजनेत राहिले, पदात आले नाही. आधी ते माध्यमिक शिक्षा अभियानात होते, 2018 नंतर समग्र शिक्षेत आले. तिथे दर वर्षी राज्याचा आराखडा दिल्लीला जातो, साठ टक्के केंद्र आणि चाळीस टक्के राज्य अशी वाटणी ठरते, आणि ज्या बाबीला मंजुरी मिळेल तेवढीच ती चालते. कंत्राटावरचा माणूस वर्षभर टिकेल याची खात्री नाही. आणि समुपदेशनात तर ओळख हीच मिळकत असते. ज्या बाईंना मुलगी मनातले सांगू लागली, त्या बाई जूनमध्ये परत आल्याच नाहीत, तर ती मुलगी दुसऱ्यांदा कुणापुढे तोंड उघडत नाही.

मंजूर पदेही कायमची सुरक्षित नसतात, हे शाळेच्या शिपायांना विचारा. 11 डिसेंबर 2020 च्या शासननिर्णयाने अनुदानित माध्यमिक शाळांतली शिपायाची रिक्त होणारी पदे संपवून त्याऐवजी भत्ता ठरवला. ग्रामीण भागात महिना पाच हजार रुपये. त्याआधी 2 मे 2012 पासून शिक्षकभरतीच थांबली होती आणि ती सुरळीत व्हायला कित्येक वर्षे लागली. शिपाई नाही, शिक्षक कमी, वर मतदारयाद्या आणि सर्वेक्षणे. या सगळ्यातून वेळ काढून वर्गशिक्षकाने रडणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन ऐकावे, अशी आपली अपेक्षा असते. अनेक शिक्षक ती पुरी करतात, त्यांना माझा नमस्कार. पण घंटा वाजली की त्यांना पुढच्या तासावर जावेच लागते.

असे कापल्याने काय होते, याचा एक स्वच्छ धडा आयर्लंडने दिला आहे. तिथे प्रत्येक माध्यमिक शाळेला शिक्षकसंख्येच्या वर मार्गदर्शनाचे वेगळे तास मिळत. आर्थिक संकटात, 2011 च्या डिसेंबरमधल्या अर्थसंकल्पात, ही वेगळी तरतूद काढली गेली आणि सप्टेंबर 2012 पासून शाळांनी हे तास आपल्याच शिक्षकांतून काढावेत असे ठरले. कुणालाही घरी पाठवले नव्हते, कागदावर मार्गदर्शन चालूच होते. प्रत्यक्षात समुपदेशक पुन्हा गणित-इतिहास शिकवायला गेले. वर्गाला एकत्र दिलेली माहितीपर भाषणे टिकली. एका मुलाला समोर बसवून बोलायच्या भेटी मात्र निम्म्यावर येत गेल्या. 2016 पासून ती तरतूद थोडी थोडी परत द्यावी लागली. श्रीमंत अमेरिकेतही 2025 मध्ये शाळांतल्या मानसिक आरोग्याचे सुमारे एक अब्ज डॉलरचे अनुदान थांबवले गेले. कपात सगळीकडे याच दाराने आत येते, कारण समुपदेशक गेल्याची नोंद कुठल्याच हजेरीपटावर होत नाही.

आपल्याकडे ती नोंद दुसरीकडे होते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जालना जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते. राज्याचे प्रमाण होते सुमारे 22 टक्के. तीन मुलींमागे एक! जांब समर्थ आपल्या शेजारी आहे. तिथला नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून निघून गेला, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. आज नववीतल्या मुलीला तसे निघून जाता येत नाही. आई-बाप उसाच्या फडावर जाणार, लेक घरी एकटी ठेवायची भीती वाटते, म्हणून लग्न उरकतात. हे ठरताना पहिली चाहूल वर्गात लागते. मुलगी गप्प होते, वह्या अपुऱ्या राहतात, गैरहजेरी वाढते. ती चाहूल ओळखणे आणि घरी जाऊन बापाशी भांडण न करता बोलणे, हे शिकून येणारे काम आहे. 10 मार्च 2022 च्या शासननिर्णयाने शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमायला सांगितले आणि त्यांत समुपदेशकालाही जागा दिली. गावात समुपदेशकच नसेल, तर त्या जागेवर बसवायचे कुणाला?

दुसरी नोंद त्याहून भयंकर आहे. 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातले होते. सगळ्या राज्यांत सर्वाधिक. परीक्षेच्या दिवसांत बोर्ड समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करते, मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416 आहे, मुलांसाठी 1098 आहे. मुलांनो, हे नंबर वहीत लिहून ठेवा, गरज पडली तर संकोच करू नका. पण पालकांनो, एक विचार करा : एका खोलीच्या घरात, बापाचाच मोबाइल घेऊन, बापाबद्दलचे दुःख मुलगी कशी सांगणार? तिला शाळेत दार लावून बसता येईल अशी जागा आणि तिथे बसलेला माणूस हवा.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या खटल्यात देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. आपल्या भागातल्या बहुतेक हायस्कुलांना हा शंभराचा आकडा लागू पडतो. निर्देशाने पगार मात्र निघत नाही. त्यासाठी अंदाजपत्रकात ओळ लागते, आणि ती कुणीतरी मागावी लागते.

म्हणून माझे मागणे थेट तुमच्याकडे आहे. प्रत्येक शाळेला एक समुपदेशक मिळेपर्यंत थांबू नका. कुंभार पिंपळगाव आणि आसपासच्या दहा हायस्कुलांनी मिळून एक माणूस मागावा, पण तो कायम पदावर मागावा. शाळा व्यवस्थापन समिती दर तीन वर्षांनी शाळा विकास आराखडा करते, त्यात ही मागणी लेखी घाला. पुढच्या ग्रामसभेत ठराव करा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, जिल्हा परिषदेला आणि जिल्हा नियोजन समितीला पाठवा. ठरावात सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशाची तारीख लिहायला विसरू नका. आणि ग्रामसभेला आयांना सोबत घेऊन जा.