बांधातलं बीळ आणि मोबाईलमधली फट



भाताची लावणी झाली की आपण रोज सकाळी बांधावरून एक फेरी मारतो. बांध उंच असतो, रुंद असतो, तरीही मारतो. कारण आपल्याला ठाऊक असतं की पाणी बांधावरून क्वचितच जातं. ते जातं खेकड्याच्या बिळातून. आज बोलायचं आहे ते अशाच बिळाबद्दल, पण खिशातल्या मोबाईलच्या. मोबाईल हा लहानसा संगणकच आहे आणि आपलं बँकेचं खातं आता त्याच्यात आलं आहे.

समजा, गोराईच्या एक मावशी भाजीची पाटी घेऊन खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात येतात. गिऱ्हाईक सुटे पैसे काढत नाही, मोबाईल पुढे करतं. मावशींच्या हिशेबात बिळं कुठे असू शकतात, ते पाहू.

पहिलं बीळ पिनचं. चार आकड्यांचे 10,000 वेगवेगळे पिन होतात. पण आपण ठेवतो 1234, नाहीतर जन्मसाल. चोर आधी तेच करून पाहतो. काही जण तर पिन कार्डाच्या पाकिटावरच लिहून ठेवतात. हे म्हणजे कोठाराला कुलूप लावायचं आणि किल्ली चौकटीवर ठेवायची.

दुसरं बीळ पाटीजवळच्या क्यूआर कोडचं. त्यावर कोणी आपला कागद चिकटवला तर भाजी मावशींची आणि पैसे भलत्याचे. म्हणून रोज दुकान मांडल्यावर घरच्या दुसऱ्या मोबाईलवरून कोड तपासावा. नाव आपलंच येतं ना, ते पाहावं. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असं कोणी म्हणाला, तर तो पैसे काढून घेतो आहे.

तिसरं बीळ व्हॉट्सॲपवरून येतं. पीएम-किसानच्या नावाने ‘एपीके’ फाईल येते. हप्ता अडकला आहे, ही उघडा, असा निरोप असतो. ती मोबाईलमध्ये बसवली आणि मागेल ती परवानगी दिली, की बँकेचे ओटीपी परस्पर चोराला दिसू लागतात. अशी फाईल उघडू नका. हप्त्याची चौकशी कृषी कार्यालयात किंवा सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर करा.

कोणी म्हणेल, आम्ही कमी शिकलेले म्हणून फसतो. तसं नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर असाच घाला पडला. एटीएमवर कोणी पैसे मागितले की यंत्र बँकेच्या संगणकाला विचारतं, ‘देऊ का?’ चोरांनी या वाटेवर आपली खोटी व्यवस्था बसवली. ती बँकेला न विचारताच ‘द्या’ म्हणत राहिली. 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये निघाले, आणि एकूण सुमारे 94 कोटी गेले. तिजोरी कोणी फोडलीच नाही. प्रश्न बँकेला होता, उत्तर भलत्यानेच दिलं.

यातून आपण घ्यायचा धडा सोपा आहे. बोलणारा कोण, याची खात्री दुसऱ्या वाटेने करावी. ‘बँकेतून बोलतोय’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. त्याने दिलेल्या नंबरवर फोन करू नये. पासबुकावरच्या नंबरवर करावा, किंवा सरळ शाखेत जावं. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नये, मग तो साहेब असो की भाचा.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर त्याच घडीला 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवा. लवकर कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. लाजेपोटी घरात लपवून ठेवू नका. त्या लाजेवरच चोराचं फावतं. बांधाला बीळ पडलं म्हणून कोणी शेतकऱ्याला नावं ठेवत नाही. दिसूनही बुजवलं नाही, तर मात्र ठेवतात.

आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे मोबाईल घेऊन एक फेरी माराच.