काचेआडची फुले

बडोद्यातील मराठी घरांत सकाळी देवाला वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते. त्याला पाय लागू नये म्हणून ते निराळ्या परडीत जमा करावयाचे आणि झाडाच्या बुंध्याशी नेऊन घालावयाचे, अथवा वाहत्या पाण्यात सोडावयाचे, अशी रीत आहे. सुकलेले फूल घरात ठेवू नये हा संस्कार ज्या घरात आहे, तेथे एखाद्या मुलीने मुद्दाम फूल सुकवावे, ते दोन काचांमध्ये बसवावे आणि दिवाणखान्यात टांगावे, हे वडीलधाऱ्यांना थोडे विपरीत वाटल्यास नवल नाही. परंतु वाहिलेले फूल देवाचे असते. अंगणात पडून राहिलेले फूल कोणाचेच नसते. शिवाय मोरपीस, गुलाबाची पाकळी आणि पिंपळाचे पान पुस्तकात जपून ठेवण्याचा उद्योग त्या वडीलधाऱ्यांनीही शाळकरी वयात केलेला असतो.

फूल सुकणे वेगळे आणि फूल सुकवणे वेगळे. झाडावर किंवा फुलदाणीत सुकणारे फूल सावकाश मरते. पाकळ्यांतील पाणी हळूहळू जाते, त्या आक्रसतात आणि तपकिरी पडतात. तेच पाणी कागदाने चटकन शोषून घेतले आणि पाकळी सपाट राहील इतका दाब तिच्यावर ठेवला, तर आकार टिकतो व रंगही बराचसा टिकतो. सारी विद्या एवढीच आहे, आणि ती मूळची वनस्पतिशास्त्रज्ञांची आहे. सोळाव्या शतकात इटलीत लूका गिनी या अध्यापकाने वनस्पती कागदांत दाबून वाळवावयाच्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवावयाच्या, ही पद्धत आपल्या शिष्यांत रूढ केली. अशा संग्रहाला त्या काळी ‘सुकी बाग’ असे समर्पक नाव होते. आज त्याला हर्बेरियम म्हणतात.

या सुक्या बागेचे सामर्थ्य केवढे असते याचे एक उदाहरण जुन्या मुंबई इलाख्यातलेच आहे. इलाख्यातील वनस्पतींचे वर्णन करणारा थिओडोर कुक यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य, पेशाने अभियंते. ग्रंथाचे काम त्यांनी निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात केले. समोर सह्याद्री नव्हता. दाबून वाळवलेल्या फांद्या होत्या आणि प्रत्येक फांदीशेजारी एक चिठ्ठी होती.

बडोद्याला ही विद्या परकी नाही. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी जी बाग वसवली, तिला जुने बडोदेकर आजही कमाटीबागच म्हणतात. पुढे १८९३ मध्ये क्यूमध्ये अनुभव घेतलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल संस्थानच्या बागांवर नेमले गेले. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे हर्बेरियम ‘बारो’ या संक्षिप्त नावाने जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. याच विभागातील चव्हाण आणि ओझा यांनी पावागडच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १९६६ मध्ये निघाला. गडावर यात्रेकरू कालिकामातेच्या दर्शनाला जातात; त्याच वाटेवर कोणी गवताची काडी आणि रानफूल कागदात घालून आणावे, हेही एक प्रकारचे दर्शनच होय.

घरी हे काम करू इच्छिणाऱ्यास यंत्र लागत नाही. दोन लाकडी पाट, टीपकागद आणि वर ठेवावयास पाटा-वरवंटा पुरे. टीपकागद नसेल तर जुनी वर्तमानपत्रे चालतात. मात्र फुलाला लागून कोरा कागद असावा, नाही तर छापील अक्षरे पाकळीवर उमटतात. मासिकाचा चकचकीत कागद पाणी पीत नाही, तो नको. फूल दव उडाल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी घ्यावे, कोरडे घ्यावे, आणि शक्यतो आपल्या अंगणातले घ्यावे. सार्वजनिक बाग ही घरच्या हौसेची परडी नव्हे. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदलावा लागतो. हौशी माणसे येथेच कंटाळतात, आणि मग फुले काळी पडली म्हणून फुलांना दोष देतात. दोन-तीन आठवड्यांनी फूल गालाला लावून पाहावे. गार लागले तर आत ओल आहे असे समजावे.

सगळीच फुले या कामी येत नाहीत. मोगरा, चाफा, कण्हेर यांच्या पाकळ्या मांसल. त्या हमखास तपकिरी होतात. जास्वंद चिकट होऊन कागद सोडीत नाही. गुलाब आणि झेंडू अखंड दाबू नयेत, पाकळ्या सुट्या कराव्यात. बोगनवेलीचे ज्याला लोक फूल म्हणतात ते वस्तुतः रंगीत पान असते आणि ते मुळातच कागदासारखे असल्याने नवशिक्याने तेथून आरंभ करावा. बडोद्याच्या हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि वाफ्यांत फ्लॉक्स, वर्बिना, पॅन्सी फुललेली असतात. तो या कामाचा खरा हंगाम. पावसाळ्यात नेचे आणि गवते सुरेख मिळतात, पण त्या दिवसांत कागद दिवसातून दोनदा बदलावे लागतात. पारिजाताची गंमत निराळी. पांढऱ्या पाकळ्या पिवळट होतात, पण ज्या केशरी देठापासून पूर्वी रेशीम रंगवीत, त्या देठाचा रंग बराच काळ राहतो.

आता काच. तसबिरी जडवणाऱ्याकडून एकाच मापाचे दोन पातळ तुकडे कापून घ्यावेत. त्याची हिरकणी काचेवरून एकदाच सरळ फिरते. घरी तो प्रयोग करण्यात बोटांपलीकडे काही कापले जात नाही. कडा मात्र ओल्या पॉलिश-कागदावर घासून बोथट कराव्यात. काच धुऊन, पुसून, उन्हात पूर्ण कोरडी करावी. फुलाला मागून डिंकाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका पुरतो. कणकेची खळ लावल्यास तिच्या वासाला कसर येते. दुसरी काच वर ठेवून कडांना कागदी वा कापडी पट्टी लावली की काम झाले. काहीजण कडेला तांब्याची पातळ पट्टी लावून डाख देतात. ते दिसते देखणे, पण डाखात बहुधा शिसे असते. ते काम स्वयंपाकघरात किंवा मुलांजवळ करू नये. जुन्या हर्बेरियमांत कीड लागू नये म्हणून वाळलेल्या फांद्यांना पाऱ्याच्या विषारी क्षाराचे द्रावण लावीत. तसे विष घरी आणण्याचा मोह कोणाला होऊ नये. वाळलेली फुले कागदासह घट्ट पिशवीत घालून काही दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवली तरी किडीचा बंदोबस्त होतो.

इतके करूनही काचेआडच्या फुलाला दोन शत्रू उरतात. पहिली ओल. किंचित दमट फूल काचेत बंद झाले की काही दिवसांत आतून धुके धरते, मग करडी बुरशी येते, आणि काच उघडल्यावाचून उपाय राहत नाही. म्हणून बंद करण्यापूर्वी फुले औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या शोषक पुड्यांसह घट्ट डब्यात आठवडाभर ठेवावीत, आणि श्रावणात काच बंद करू नये. दुसरा शत्रू उजेड. १८९० मध्ये पुऱ्या झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार दालनातील रंगीत काचा इतकी वर्षे ऊन झेलीत आहेत. त्यांचा रंग धातूंचा आहे आणि काचेतच वितळलेला आहे. फुलाचा रंग रसाचा. उन्हाने तो फुटतो; तांबडा आणि निळा आधी जातो, पिवळा व नारिंगी मागाहून. पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेली चौकट फार वर्षे रंगीत राहत नाही.

रंग जाणार हे एकदा मान्य केले म्हणजे चिठ्ठीचे मोल कळते. हर्बेरियममधील शंभर वर्षांपूर्वीचे फूल तपकिरीच असते. तरी नाव, ठिकाण आणि तारीख लिहिलेली असल्यामुळे ते झाड कोठे होते आणि केव्हा फुलत असे, हे अभ्यासक आजही त्यावरून काढतात. घरच्या चौकटीत नेमकी हीच चिठ्ठी नसते. लग्नात मुंडावळीतून गळलेले फूल मोठ्या प्रेमाने काचेत बसवले जाते, आणि वीस वर्षांनी घरात त्याविषयी दोन मते असतात. दांडिया बाजारातील, रावपुऱ्यातील कितीतरी जुन्या वाड्यांच्या जागी मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या; अंगणे गेली आणि अंगणातली झाडेही गेली. शाई ओलीने पसरते, म्हणून चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी आणि मागील काचेच्या आतल्या बाजूस, खाली डाव्या कोपऱ्यात ठेवावी. मजकूर चार ओळींचा पुरे: पारिजात. दांडिया बाजार, मागील अंगण. आश्विन शुद्ध पंचमी, सकाळी वेचलेले. झाड आजेसासूबाईंनी लावलेले.