आमच्या घराला पाय कसे फुटले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



'प्रवासाची आवड' या विषयावर बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, की बाई, मी काही जगप्रवास केलेली नव्हे. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुम्ही बोला. तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखे जे आहे तेच सांगते. ज्या घरात प्रवास म्हणजे कुणाचे लग्न, कुणाचे बारसे नाहीतर कुणाचा दहावा, त्या घराला हिंडण्याची गोडी कशी लागली, एवढेच. ती एका दिवसात लागली नाही. लोणचे मुरावे तशी मुरत गेली आणि त्याला चांगली दहा-बारा वर्षे लागली.

मी लग्न होऊन या शहरात आले १९७१ साली. तेव्हा हे औरंगाबाद होते. येथून वेरूळ साधारण तीस किलोमीटर. सातासमुद्रापलीकडची माणसे कैलास लेणे पाहायला येत आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांनी ते पाहिलेले नव्हते. त्या वेरूळला गेल्या नव्हत्या असे नाही बरे! दर श्रावणात घृष्णेश्वराला जात. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेल्या त्या देवळात दर्शन घ्यायचे, बेल वाहायचा आणि परतीची एस. टी. पकडायची. लेणी तेथून पायी जाण्याच्या अंतरावर, पण घरी रात्रीचा स्वयंपाक वाट पाहत असे.

आणि सहल निघालीच तर ती कशी? पहाटे चारला उठून मी धपाटे थापायचे, दशम्या करायच्या, शेंगदाण्याची चटणी कुटायची, दह्याचा सट बांधायचा. तेथे झाडाखाली सतरंजी अंथरून सर्वांना वाढायचे, उष्टी काढायची, आणि घरी आल्यावर सगळे डबे घासायचे. "काय मजा आली आज!" असे आमचे हे म्हणत, तेव्हा मी मोरीत असे. बायकांना प्रवासाची हौस नसते असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांनी आधी बाईच्या हातातली पिशवी घ्यावी आणि मग विचारावे, असे मला वाटते.

आमच्याकडे ती पिशवी घेतली सासूबाईंनी. हे ऐकून तुम्ही हसाल, पण खरे आहे. १९८१ साली मुलांनी देवगिरीचा हट्ट धरला. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सात वर्षांची. किल्ला शहरापासून पंधरा किलोमीटरवर, रस्त्याने जाता-येता रोज दिसणारा, पण वर कोणीच गेले नव्हते. सासूबाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या. त्या म्हणाल्या, "वर जनार्दनस्वामींची गुहा आहे. नाथमहाराज पोरवयात पैठणहून एकटे तेथवर आले. मी पंधरा किलोमीटरवर राहून तेवढेही करू नये?" आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, उद्या प्रत्येकाचे प्रत्येकाने बांधून घ्यायचे. तू फक्त आपली भाकरी घे." मुलांनी आपापले फडके बांधले. यांनी पाण्याची कळशी उचलली. आमच्या घरात ही क्रांतीच होती!

ज्यांनी देवगिरी पाहिला आहे त्यांना अंधारी ठाऊक आहे. कातळ तासून केलेला खोल खंदक ओलांडला, की डोंगराच्या पोटातून वर जाणारी ती वळणावळणाची वाट लागते. शत्रू चाचपडावा म्हणूनच ती तशी केलेली. वाटाड्या टेंभा घेऊन पुढे चालला. धूर, वटवाघळांचा वास, पायाखाली ओबडधोबड पायऱ्या. मध्येच त्याने टेंभा पाठीमागे धरला आणि म्हणाला, "बघा, काही दिसतं का?" काही म्हणजे काही दिसेना. माझे काळीज धडधडत होते. तेवढ्यात माझा हात कोणीतरी घट्ट धरला. मला वाटले मुलगी भ्याली. म्हणून पाहते, तर तिकडून आवाज आला, "आई, तू भिऊ नकोस, मी भिंतीला हात लावून चालते आहे." सात वर्षांची पोर!

बारादरीवर पोचलो तेव्हा सासूबाईंना दम लागला होता. त्या दर वीस पायऱ्यांना बसत आणि आम्ही सगळे त्यांच्याबरोबर बसत असू. गुहेपाशी त्यांनी डोके टेकवले, आणि मग कठड्याशी उभ्या राहून खालची शेते, रस्ता, दूरचे शहर किती तरी वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "आपले घर इथून केवढेसे दिसते नाही!"

त्यानंतर मात्र चक्रच सुरू झाले. रद्दीचे पैसे एका डब्यात पडू लागले. सुट्टीच्या सकाळी गोगाबाबा टेकडी, पुढे मकबऱ्यामागच्या डोंगरातली बौद्ध लेणी. वेरूळला घृष्णेश्वराच्या जोडीने कैलासही आला. तो नुसता अंगणातून पाहू नये. बाजूच्या डोंगरावर चढून वरून पाहावा, म्हणजे आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी कळसाकडून पायथ्याकडे देऊळ कसे कोरत आणले हे डोळ्यांना समजते. मुलाला ते पुस्तकातून कळले नव्हते, तेथे कळले. अजिंठ्याला समोरच्या टेकडीवर गेलो आणि वाघूर नदीचा तो घोड्याच्या नालासारखा वळसा पाहिला. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा साहेब वाघाच्या शिकारीला आला असता त्याला पलीकडे लेणे दिसले, ही गोष्ट यांनी तेथे सांगितली. मुले दिवसभर वाघच शोधत होती.

पितळखोऱ्याला मात्र आम्ही अर्ध्यातून परतलो. कन्नडकडच्या त्या दरीत पायऱ्या उतरून जावे लागते. पावसाळा होता, ओढा वाटेवरून वाहू लागला होता. मुले रडकुंडीला आली, हेही थोडे हिरमुसले. सासूबाई म्हणाल्या, "लेणी दोन हजार वर्षे तिथेच आहेत. दिवाळीनंतरही असतील." दिवाळीनंतर गेलो आणि पाहिली. प्रा. मनीषा वाघमारे आपल्याच शहरातल्या. २०१७ साली त्या एव्हरेस्टच्या शिखराजवळ पोचून हवामान बिघडल्यामुळे मागे फिरल्या आणि २०१८ साली पुन्हा जाऊन शिखरावर उभ्या राहिल्या. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो आमचा ओढा. कुठे एव्हरेस्ट आणि कुठे पितळखोरे, पण आठवले खरे.

येथे एक सांगावेसे वाटते. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे सारे कुटुंब घेऊन तीर्थे हिंडत, पुराणे सांगत. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून नेले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले आणि ती आपल्या भावाबरोबर पायी चालत राहिली, ती १८७८ साली कलकत्त्याला पोचेपर्यंत. त्यात हौस नव्हती, भूक होती. आपण शिदोरी बांधून हिंडतो ते सुखाचे हिंडणे आहे, हे मी मुलांना मुद्दाम सांगत असे. पण याच बाईने पुढे अमेरिका पाहिली आणि १८८९ साली तेथल्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. वाटेवर वाढलेल्या मुलीचे डोळे वेगळे असतात, असे माझे आपले मत.

आता खरी परीक्षा सांगते. १९९४ साली आमच्या मुलीने हिमालयात पदभ्रमणाला जायचे काढले. वीस वर्षांची, लग्नाच्या वयाची. मनमाडला गाडी बदलून दिल्ली, तेथून पुढे कुलूकडे, बरोबर कॉलेजातल्या मैत्रिणी. नातेवाईकांची पत्रे आली. "स्थळे यायच्या वेळी हे काय?" हे गप्प. मीही गप्पच, कारण मला रात्री झोप लागत नव्हती. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी बसवलेल्या. त्यांनी एका संध्याकाळी सर्वांसमोर सांगितले, "अंधारीत आपण सगळे चाचपडत होतो तेव्हा ही पोर भिंतीला हात लावून चालत होती. तुझा हात धरला होता तो मी. मीच भ्याले होते. हिला जाऊ द्या."

तेरा वर्षे त्यांनी ते कुणाला सांगितले नव्हते.

मुलगी गेली, परत आली, नाकाचे सालटे निघालेले, वजन उतरलेले, आणि आजीला देण्यासाठी खिशात एक पांढरा गोटा. तो पुढे देवघरात होता. स्थळेही आली, ती काही हिमालयाने अडवली नाहीत. आज तिची मुलगी आईला सांगत नाही, विचारते, "आपण कधी निघायचे?"

भगिनींनो, १९७१ साली आम्हाला जे जड होते ते आता पुष्कळ हलके झाले आहे. मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. माझी तर पंचाहत्तरी उलटली, मला तिकीटच नाही! तेव्हा मंडळाने यंदा हळदीकुंकवानंतर देवगिरीची सहल काढावी, असे मी सुचवते. ज्यांना चढवत नाही त्यांनी चांदमिनाराच्या सावलीत बसावे, त्यांच्याजवळ एकीने थांबावे. विजेरी प्रत्येकीने आणावी, मोबाईलच्या उजेडावर विसंबू नये. आणि भाकरी प्रत्येकीने फक्त आपापली आणावी. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. पहिले माझे लिहून घ्यावे.