उपकाराची नोंद

(आश्विन पौर्णिमेस, वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात विहाराचे माजी चिटणीस यांनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनी स्वतः लिहून दिले.)





आज आश्विन पौर्णिमा. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आज पूर्ण झाला. तीन महिने रोज रात्री या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाले. पावसाने छप्पर गळत होते, दोनदा लाईट गेली, पण वाचन थांबले नाही. ज्यांनी वाचले त्यांचे अभिनंदन, आणि ज्यांनी रोज येऊन ऐकले त्यांचे जास्त अभिनंदन. आज सकाळपासून अष्टशील घेऊन उपोसथ धरलेल्या आपल्या आयाबहिणी पांढऱ्या साड्या नेसून पुढे बसल्या आहेत. दुपारी बारानंतर त्यांच्या पोटात अन्न नाही, आणि मागे खिरीचे पातेले उकळते आहे, त्याचा वास त्यांनाच आधी येतोय. तेव्हा मी फार वेळ घेणार नाही.

विहाराला पन्नास वर्षे होत आहेत म्हणून स्मरणिका निघते आहे. समितीची मुले घरी आली आणि म्हणाली, “काका, तुम्ही जुने चिटणीस. विहाराच्या इतिहासावर बोला.” मी हो म्हणालो. पण इतिहास म्हटला की काय येते? चार बांबू आणि पत्रा टाकून जागा धरली ते साल, पक्के बांधकाम झाले ते साल, अध्यक्षांची नावे, देणगीदारांची नावे. ते सगळे स्मरणिकेत येणारच आहे. मी आज त्यातले राहिलेले एक पान सांगणार आहे. आणि ते राहिले ते माझ्याच चुकीने.

चूक सांगायला आजचाच दिवस का निवडला? कारण आज पवारणेचा दिवस आहे. वर्षावास संपला की भिक्खू एकत्र बसतात आणि प्रत्येकजण संघाला विनंती करतो की, माझा काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल, त्याची शंका आली असेल, तर तो मला सांगा, मी तो सुधारीन. ही चाल कशी पडली, ती हकीकत विनयपिटकात आहे. कोसल देशात काही भिक्खू एका ठिकाणी वर्षावासाला राहिले. एकत्र राहायचे म्हणजे भांडण व्हायचे, म्हणून त्यांनी युक्ती काढली की, कुणी कुणाशी बोलायचेच नाही. कामे मात्र चोख. भिक्षेहून जो आधी येईल त्याने आसने मांडायची, पाय धुवायला पाणी ठेवायचे. जो शेवटी येईल त्याने उरलेले आवरायचे, जागा झाडायची. पाण्याचा घडा रिकामा दिसला तर भरायचा. एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचे, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. वर्षावास संपल्यावर हे भिक्खू मोठ्या समाधानाने श्रावस्तीला जेतवनात आले आणि त्यांनी भगवंतांना हे सांगितले. भगवंतांनी शाबासकी दिली नाही. अशी जनावरेही शेजारी-शेजारी राहतात, हे काही माणसांचे राहणे नव्हे, असा ठपका ठेवला. आणि पवारणेचा नियम घातला.

बंधुभगिनींनो, मी ही गोष्ट वाचतो तेव्हा मला आपली वस्ती आठवते. आपल्याकडे कामे थांबत नाहीत. कुणी ना कुणी आसन मांडतो, कुणी झाडतो, कुणी घडा भरतो. पण बोलत कुणीच नाही. ज्याने केले त्याला “तू केलेस, मला कळले” असे सांगायचे राहून जाते.

आता माझी गोष्ट. आपल्या आक्का गेल्या त्याला वर्ष होत आले. त्यांच्या जलदान विधीला ही जागा पुरली नाही, लोक बाहेर गल्लीत उभे होते. आक्का साताऱ्याकडच्या. लग्न होऊन कुर्ल्याला आल्या त्या इथेच राहिल्या. विहाराच्या समोरची खोली त्यांची. पत्र्याची शेड होती तेव्हापासून विहार झाडायचे, पुसायचे, पाण्याची कळशी भरून ठेवायचे काम त्यांचे. त्यांना कुणी नेमले नव्हते. समितीच्या एकाही ठरावात ते काम कुणाला दिल्याची नोंद नाही. मी सगळ्या वह्या पाहिल्या.

विहाराचे पक्के बांधकाम झाले तेव्हा मी चिटणीस होतो. पोस्टात नोकरीला असल्यामुळे हिशेबाची सवय, पावतीशिवाय पैसा घ्यायचो नाही. दारातला संगमरवरी दगड तुम्ही रोज पाहता. त्यावर पाचशे एक रुपये आणि वर देणाऱ्यांचीच नावे कोरायची, हा नियम मी मांडला आणि मीच मंजूर करून घेतला. एका संध्याकाळी आक्का आल्या. पदराची गाठ सोडली, त्यात नाणी आणि चुरगळलेल्या नोटा होत्या. मोजले, अकरा रुपये भरले. मी पावती फाडली आणि अगदी नियमाने सांगितले, “आक्का, दगडावर पाचशे एकच्या वरचीच नावं घेतोय हं.” त्या हसल्या. म्हणाल्या, “आरं बाबा, माझं नाव कशाला त्या दगडावर? त्यो पुसायला तर मीच येणार हाय न्हवं!”

मीही हसलो. पावती दिली, आणि वहीत लिहिले, ‘किरकोळ जमा, रु. ११.’

त्यानंतर कित्येक वर्षे आक्कांनी तो दगड ओल्या फडक्याने पुसला. त्यांना वाचता येत नव्हते. ज्यांची नावे त्या पुसत होत्या त्यातले निम्मे लोक वस्ती सोडून गेले, काही पुन्हा विहारात आलेही नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीचे पाणी कुर्ल्यात घुसले. त्या रात्री विहाराचे कुलूप कुणी उघडले? चिटणीस म्हणून एक किल्ली माझ्याकडे होती, पण मी ऑफिसात अडकलो होतो. दुसरी किल्ली आक्कांच्या कमरेला होती. विहाराचा ओटा उंच म्हणून तिथे माणसे कोरडी राहिली. माझी बायको आणि दोन्ही पोरे त्यात होती. दुसऱ्या दिवशी मी चालत घरी आलो, पोरांना पोटाशी धरले, आणि म्हणालो, “नशीब, वाचलो!”

नशीब म्हणालो. आक्का शेजारी उभ्या होत्या.

हा माझा दोष. आज पवारणेच्या दिवशी तो तुमच्यासमोर ठेवतो.

आता तुम्ही म्हणाल, काका, एवढी कसली चूक झाली? पण थोडा विचार करा. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. नवस सोडले, अंगारे सोडले. चांगले झाले. पण पोरगा पास झाला की आपल्या तोंडून अजून ‘नशीब’ येते. धम्म सांगतो की, कारणाशिवाय काही घडत नाही. मग कारणे शोधा ना! पोरगा अभ्यासाला बसला, हे एक कारण. शाळेच्या बाईंनी सुट्टीत गणित शिकवले, हे दुसरे. परीक्षेच्या दिवसांत शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी ठेवला, हे तिसरे. आई कामाला जाताना पलीकडची वहिनी त्याला जेवू घालत होती, हे चौथे. कारणे मोजत गेलो की माणसेच सापडतात. नवस फेडायचे आपण सोडले, ते देवाचे. माणसांचे उपकार फेडायचे आपल्याला कुणी सोडायला सांगितलेले नाही. उलट मंगल सुत्तात कृतज्ञता हे एक मंगल सांगितले आहे. आणि अंगुत्तर निकायात भगवंत सांगतात की, जगात दोन माणसे दुर्मिळ. एक, आपण होऊन आधी उपकार करणारा. दुसरा, केलेला उपकार जाणणारा आणि तो मान्य करणारा. पहिली माणसे आपल्या वस्तीत मला पुष्कळ दिसतात. दुसरी कमी दिसतात, आणि त्यात मीही होतो.

याला एक कारण आहे, तेही बोलले पाहिजे. ‘उपकार’ हा शब्द उच्चारताना आपल्या समाजाची जीभ अडखळते. आपल्या बापजाद्यांना शिळे तुकडे वाढून, वर ते उपकार म्हणून ऐकवले गेले. राबायचे आम्ही आणि आभारही आम्हीच मानायचे. बाबासाहेबांनी ती लाचारी मोडली. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले ते कुणाचे उपकार मागण्यासाठी नाही. सार्वजनिक पाण्यावर माणसाचा हक्क असतो, हे सांगण्यासाठी. तेव्हा तरुणांनो, हे पक्के लक्षात ठेवा, हक्काच्या गोष्टीबद्दल कुणापुढे वाकायचे नाही. नळाला पाणी येते ते उपकार नव्हेत, तो हक्क आहे. पण तुम्ही रात्रपाळी करून झोपला असताना पहाटे साडेचारला तुमचा हंडा नंबरात लावून, भरून, दाराशी आणून ठेवणारी शेजारीण? तिच्यावर तुमचा काहीही हक्क नव्हता. ती तुमच्यापेक्षा वर उभी नव्हती, तुमच्याच रांगेत उभी होती. हा उपकार. तो मानल्याने मान खाली जात नाही.

बाबासाहेबांनी स्वतः काय केले ते पाहा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आपण तीन महिने वाचला. त्याची एक प्रस्तावना बाबासाहेबांनी १५ मार्च १९५६ रोजी लिहिली होती. त्यात त्यांनी आजारपणात आपल्याला जपणाऱ्यांचे ऋण मानले, आणि हस्तलिखित टाईप करणारे नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद यांचेही मानले. त्यांनी तब्येतीची पर्वा न करता, मोबदल्याची अपेक्षा न धरता, प्रेमापोटी काम केले अशी नोंद केली. एवढा मोठा माणूस, शरीर थकलेले, पण टाईप करणाऱ्याला तो विसरला नाही. पुढे १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात छापली गेली नाही. ती बऱ्याच वर्षांनी लोकांपुढे आली. म्हणजे लिहिणाऱ्याने नोंद केली, तरी छापताना ती राहू शकते. इथे तर मी नोंदच ‘किरकोळ’ अशी केली होती.

आता आपली वस्ती बदलते आहे. आजूबाजूला टॉवर उठले. आपलीही घरे आज ना उद्या वर जातील. चांगले आहे, पोरांना स्वतंत्र खोली मिळेल, घरात संडास-बाथरूम येईल. मी त्याच्या विरुद्ध नाही. पण तिथे दार लागलेले असते. त्या भिक्खूंसारखे आपण न बोलता राहायला लागू, ही भीती मला वाटते. लॉकडाऊनमध्ये त्याची चुणूक पाहिली. १४ एप्रिल २०२० ला बाबासाहेबांची जयंती आपण आपापल्या घरात केली. विहाराला कुलूप होते. पण संध्याकाळी कुलपाबाहेर ओट्यावर एक मेणबत्ती पेटलेली होती आणि ओटा झाडलेला होता. कुणी झाडला ते सगळ्यांना ठाऊक होते. मी खिडकीतून पाहिले आणि खिडकी लावून घेतली.

आक्का गेल्यावर पहिल्या पौर्णिमेला विहारात पाऊल टाकले तर पायाला कचकच लागली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा आपल्याला कळले की विहारात धूळ येते.

मी समितीला तीन विनंत्या करतो. पहिली, आक्कांचे नाव दगडावर कोरा असे मी म्हणत नाही, त्या ऐकत्या तर हसल्या असत्या. पण स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीआधी एक पान श्रमदान करणाऱ्यांचे ठेवा. त्यात झाडणारे, पाणी भरणारे, मयतीला धावणारे, रात्री दवाखान्यात बसणारे, सगळे येऊ द्या. दुसरी, दर पौर्णिमेला वंदनेनंतर पाच मिनिटे ठेवा. ज्याला वाटेल त्याने उठावे आणि महिन्याभरात शेजाऱ्याने आपले काय केले ते एका वाक्यात सांगावे. भाषण नको, हार-नारळ नको. तिसरी, झाडण्याची पाळी लावा, आणि त्यात पुरुषांची नावे आधी घाला. पहिला महिना माझा. मी आठ दिवस झाले सुरू केले आहे. अडुसष्ट वर्षांचे गुडघे काय असतात ते मला कळले, आणि आक्का माझ्याहून मोठ्या होत्या तेही कळले. तो दगडही मी पुसतो. पुसताना सगळी नावे वाचून होतात. एक नाव त्यात नाही, हे रोज नव्याने दिसते.

ती जुनी वही मी आज आणली आहे. ‘किरकोळ’ हा शब्द मी तुमच्यासमोर खोडतो आणि त्याजागी लिहितो, ‘आक्कांचे दान, रु. ११.’ अध्यक्षांनी शेजारी सही करावी, कारण नियम म्हणजे नियम.

उपोसथ धरलेल्या माझ्या भगिनींनो, तुम्ही आज फार धीर धरलात, मी तुमचा आभारी आहे. आणि खीर ढवळणाऱ्या पोरांनो, तुमचाही. घरी जाताना आपल्या शेजारच्या दारापाशी क्षणभर थांबा. काय सांगायचे ते तुम्हाला ठाऊक आहे.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय, जय भीम.